एक नियम दुरुस्त केला की दुसरा सल्ला बिघडतो: नियमाधारित प्रणालीतील वारंवार उलटणाऱ्या दोषाचे निवारण

समस्येचे स्वरूप

नियमांवर चालणाऱ्या सल्ला-प्रणालीबद्दल एक तक्रार येते, संबंधित नियम सापडतो, त्यात एक अट वाढवली की तक्रार मिटते, आणि आठवड्याभरात कोणीही हात न लावलेल्या भागातून दुसरी तक्रार येते. तीही तशीच मिटवली जाते. काही महिन्यांनी पहिलीच तक्रार पुन्हा दारात उभी राहते. तोपर्यंत मूळ नियमाला चाराऐवजी अकरा अटी चिकटलेल्या असतात आणि त्यांतल्या निम्म्या कशासाठी घातल्या होत्या हे कोणालाच आठवत नसते. आपल्या प्रणालीत हे चक्र दोनदा फिरले असेल, तर पुढील तपासणी करून पाहावी. ते एकदाच घडले असेल, तर तो साधा दोष असण्याची शक्यता अधिक आहे आणि एवढा खटाटोप करण्याचे कारण नाही.

हा प्रकार मी जवळून पाहिला तो नाशिक परिसरातील द्राक्षबागांना केवडा आणि भुरी या रोगांवरील फवारणीचा सल्ला देणाऱ्या एका प्रणालीत. हवामान केंद्रावरून तापमान, आर्द्रता, पाऊस आणि पानांचा ओलावा यांच्या नोंदी येत. बागायतदार छाटणीची तारीख, वाण आणि आधी झालेल्या फवारण्या भरत. आणि तज्ज्ञांनी सांगितलेले सुमारे दोनशे नियम त्यांवर चालून आज फवारणी करावी का, आणि करावी तर कोणत्या प्रकारच्या औषधाची, हे सांगत. प्रणाली बांधणाऱ्या दोन्ही बाजू, म्हणजे तज्ज्ञ आणि प्रोग्रामर, आपापल्या कामात पक्क्या होत्या. तरी तक्रारीची प्रत्येक बैठक त्याच दोन वाक्यांवर येऊन अडत असे. प्रोग्रामर म्हणत, “सर, हा नियम तुम्हीच सांगितला होता.” तज्ज्ञ म्हणत, “सांगितला होता, पण या बागेसाठी नाही.” पुढे दिलेले बहुतेक उपाय या दुसऱ्या वाक्याचा अर्थ उशिरा का होईना समजल्यावर हाती लागलेले आहेत.

तपासणीपूर्वी काय करू नये

चुकलेल्या नियमात तडकाफडकी अट घालू नये, आणि त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे नियमाचा प्राधान्यांक (कोणता नियम आधी चालेल हे ठरवणारा आकडा) वाढवू नये. क्लिप्ससारख्या इंजिनात, म्हणजे नियम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, प्राधान्यांक उणे १०,००० पासून १०,००० पर्यंत कितीही देता येतो, आणि ही मोकळीकच घात करते. आमच्याकडे हे आकडे १०, २०, ३० असे शिस्तीत सुरू झाले होते. दुसऱ्या हंगामाअखेर ९९५ आणि ९९६ असे दोन नियम एकमेकांच्या डोक्यावर चढून बसलेले सापडले. प्राधान्यांक वाढवून दोन नियमांतील विरोध सुटत नाही, फक्त कोणत्या नियमाचे म्हणणे शेवटी ऐकू येईल एवढे बदलते.

चुकलेली केस गोठवणे

तक्रार ज्या सल्ल्याबद्दल आहे तो सल्ला जशाच्या तसा पुन्हा निघाला पाहिजे, आणि त्यासाठी चार गोष्टी एकत्र साठवाव्या लागतात: त्या वेळी इंजिनात गेलेली सर्व माहिती, नियमसंचाची तेव्हाची आवृत्ती, नियम ज्या सारण्या वाचतात त्यांची आवृत्ती, आणि प्रणालीने ‘आज’ म्हणून धरलेली तारीख व वेळ. चौथी गोष्ट जवळजवळ सर्वत्र विसरली जाते. नियमाच्या आतून थेट संगणकाचे घड्याळ वाचले जात असेल, तर मंगळवारी चुकलेला सल्ला गुरुवारी तपासताना बरोबर दिसतो आणि तक्रारदारालाच खोटे ठरवले जाते. म्हणून घड्याळ नियमाने वाचू नये. वेळ ही इतर माहितीसारखीच बाहेरून आत यावी. हा बदल अर्ध्या दिवसाचा आहे आणि बाकी काहीच जमले नाही तरी तो करावा.

केस गोठवल्यावर ती पाच-सहा वेळा चालवून पाहावी. त्यानंतर नियमांच्या फाइली उलट क्रमाने वाचायला लावून पुन्हा चालवावी, आणि तिसऱ्यांदा सर्व प्राधान्यांक काढून टाकून चालवावी. समान प्राधान्यांकाचे नियम एकाच फॅक्टमुळे (इंजिनाजवळच्या माहितीच्या एका नोंदीमुळे) एकाच वेळी पात्र ठरले, तर त्यांचा आपसांतील क्रम कोणता असेल याची हमी क्लिप्स देत नाही. तो क्रम यादृच्छिक नसतो, पण ज्यावर विसंबावे असाही नसतो. फाइलींचा क्रम बदलल्यावर सल्ला बदलला, तर आपल्या नियमसंचात कोणीही न लिहिलेला एक क्रम काम करत होता हे सिद्ध झाले. आमच्या पहिल्या वीस तक्रारींपैकी काही केवळ फाइलीचे नाव बदलल्यामुळे उद्भवलेल्या निघाल्या, हे कबूल करताना आजही संकोच वाटतो.

यानंतर कोणते नियम कोणत्या क्रमाने आणि कोणत्या फॅक्टवर उडाले, म्हणजे अटी पूर्ण होऊन चालले, याची नोंद तज्ज्ञांसमोर बसून, मोठ्याने वाचावी. प्रोग्रामर एकटा वाचतो तेव्हा त्याला नियम ‘योग्य रीतीने’ उडालेला दिसतो, कारण अटी खरोखरच पूर्ण झालेल्या असतात. तज्ज्ञ मात्र तिसऱ्याच ओळीला थांबवून विचारतात की ही बाग फुलोऱ्यात आहे असे यंत्र कशावरून म्हणते. दोष बहुधा त्या ओळीच्या आसपास असतो.

पहिले कारण: शब्द एक, अर्थ दोन

नियमांत वापरलेल्या शब्दांचा अर्थ तज्ज्ञांच्या मनात एक आणि कोडमध्ये दुसरा असेल, तर नियम कितीही दुरुस्त केला तरी दोष जागा बदलत राहतो. आमच्याकडील दोन उदाहरणे सविस्तर देतो, कारण दोन्ही वर्षभर पुरली.

भारतीय हवामानशास्त्र विभागाच्या रूढीप्रमाणे चोवीस तासांचा पाऊस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा मोजतात आणि तो दुसऱ्या दिवसाच्या तारखेवर लिहितात. आमच्या तज्ज्ञांच्या डोक्यात ‘पाच तारखेचा पाऊस’ म्हणजे तोच. प्रोग्रामरने दिवस मध्यरात्री बदलला. म्हणून चार तारखेला रात्री दहा वाजता आलेली सर तज्ज्ञांच्या हिशेबात पाच तारखेची आणि यंत्राच्या हिशेबात चार तारखेची ठरली. त्यातच स्वयंचलित केंद्राकडून येणाऱ्या नोंदींवरील वेळ जागतिक प्रमाणवेळेची, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची होती. पाऊस कोणत्या वेळी पडला त्यानुसार सल्ला कधी अचूक येई, कधी एक दिवस इकडेतिकडे होई. केवड्याच्या संसर्गात पाने किती तास ओली राहिली हेच निर्णायक असल्याने हा एक दिवस महागात पडतो. या दोषावर तीन वेगवेगळ्या नियमांत ‘किंवा आदल्या दिवशी’ अशी अट घालण्यात आली होती, आणि त्या प्रत्येक अटीमुळे एकच पाऊस दोनदा मोजला जाण्याची नवी वाट तयार झाली.

दुसरे उदाहरण छाटणीचे. नाशिककडे द्राक्षवेलीची वर्षातून दोनदा छाटणी होते: एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. बागायतदार आणि तज्ज्ञ दोघेही ‘छाटणीनंतर चाळिसावा दिवस’ असे बोलतात तेव्हा हंगाम पाहून ऐकणाऱ्याला कळते की कोणती छाटणी. कोडने सर्वांत अलीकडची छाटणी धरली. परिणामी मे महिन्यात, वेलीवर एकही घड नसताना, फुलोऱ्यातल्या केवड्याची सूचना गेली. तातडीची दुरुस्ती म्हणून नियमात महिना तपासणारी अट आली: सप्टेंबर ते फेब्रुवारी असेल तरच. तीन आठवडे शांततेत गेले. मग बागलाणातून तक्रारी सुरू झाल्या, कारण त्या भागात अर्ली द्राक्षांसाठी फळछाटणी भर पावसाळ्यातच उरकतात. केवड्याची जोखीम सर्वाधिक असते तेव्हा आमचा नियम महिना पाहून गप्प बसला होता.

उपाय असा की नियमांनी कच्च्या नोंदींना हात लावू नये. ‘पावसाचा दिवस’, ‘फळछाटणीनंतरचे दिवस’, ‘वाढीची अवस्था’ या संज्ञा एकाच ठिकाणी, एकदाच काढाव्यात, त्यांची व्याख्या तज्ज्ञांना वाचता येईल अशा मराठीत शेजारी लिहावी, आणि नियमांनी केवळ या संज्ञाच वापराव्यात. छाटणीचा दिवस शून्यावा की पहिला, बाग छाटायला चार दिवस लागले तर कोणती तारीख धरायची, अशा क्षुल्लक वाटणाऱ्या प्रश्नांची उत्तरेही तिथेच असावीत. पोंगा, दोडा, फुलोरा, सेटिंग, मण्यात पाणी उतरणे या अवस्था बागायतदार ज्या शब्दांनी ओळखतात तेच शब्द फॅक्टच्या नावांत ठेवले. त्यामुळे नोंद वाचताना तज्ज्ञांना दुभाषी लागला नाही. हे काम सॉफ्टवेअरवाल्यांना दस्तऐवजाचे वाटते आणि तज्ज्ञांना प्रोग्रामिंगचे वाटते, म्हणून ते कोणीच करत नाही. दोघांनी एका टेबलावर बसूनच ते करावे लागते.

दुसरे कारण: नोंद नाही म्हणजे घडले नाही

बहुतेक नियम-इंजिनांत ‘अमुक नाही’ या अटीचा अर्थ ‘अमुक असल्याचा फॅक्ट माझ्याजवळ नाही’ एवढाच असतो. तज्ज्ञ “पाऊस झाला नसेल तर फवारणी टाळा” असे म्हणतात तेव्हा त्यांना पाऊस न झाल्याची खात्री अभिप्रेत असते. हवामान केंद्राची बॅटरी दोन दिवस बंद पडली की इंजिनाजवळ पावसाचा फॅक्ट नसतो, नियमाची अट पूर्ण होते, आणि ‘फवारणीची गरज नाही’ असा ठाम सल्ला जातो. ज्या वादळी पावसाने केंद्र बंद पाडले, नेमक्या त्याच पावसात हा सल्ला जाण्याची शक्यता सर्वाधिक असते.

निदानासाठी नियमसंचातील प्रत्येक नकारार्थी अट शोधून काढावी आणि त्या प्रत्येकीजवळ प्रश्न विचारावा: ही माहिती आलीच नाही तर काय? आमच्या नियमांत अशा सेहेचाळीस अटी होत्या. केंद्र चालू असल्याची तपासणी त्यांपैकी फक्त एकीत, पहिल्या तक्रारीनंतर, घातलेली होती. दुरुस्ती नियमागणिक करू नये. पाऊस ‘झाला’, ‘झाला नाही’ आणि ‘माहीत नाही’ अशा तीन स्पष्ट किमतींचा फॅक्ट माहिती आत येतानाच तयार करावा आणि ‘माहीत नाही’साठी तज्ज्ञांकडून वेगळा नियम घ्यावा. आमच्या तज्ज्ञांनी तो लगेच सांगितला: नोंद नसेल तर शेजारच्या केंद्राची पाहावी, तीही नसेल तर बागायतदाराला विचारावे, आणि उत्तर येईपर्यंत ‘गरज नाही’ असे कधीही म्हणू नये. हा नियम त्यांच्या डोक्यात पहिल्यापासून होता. आम्ही विचारले नव्हते.

तिसरे कारण: नियमाच्या पोटात दडलेला क्रम

या कारणाला मोठा इतिहास आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात १९७० च्या दशकात रक्तातील आणि मेंदूच्या आवरणातील जंतुसंसर्गांसाठी मायसिन ही प्रणाली एडवर्ड शॉर्टलिफ यांनी सहकाऱ्यांसह उभी केली. तिच्या नियमांवरून विद्यार्थ्यांना शिकवता येईल का हे पाहताना विल्यम क्लॅन्सी यांच्या लक्षात आले की नियमांत बरेच ज्ञान लिहिलेलेच नाही, ते अटींच्या क्रमात लपलेले आहे. एका नियमात रुग्णाचे वय सतरा वर्षांहून कमी नसावे ही अट आधी येते आणि रुग्ण मद्यासक्त आहे का ही अट नंतर. वयाच्या अटीचा रोगाशी थेट संबंध नव्हता. लहान मुलाबद्दल मद्यपानाचा प्रश्न विचारला जाऊ नये म्हणून ती पुढे बसवलेली होती. ज्याला हे माहीत नाही तो उद्या अटींचा क्रम बदलेल किंवा वयाची अट अनावश्यक म्हणून काढेल, आणि दुसरीकडेच काहीतरी विचित्र घडेल. क्लॅन्सी यांनी पुढे निओमायसिनमध्ये प्रश्न कोणत्या क्रमाने विचारायचे याचे ज्ञान आणि रोगाचे ज्ञान वेगवेगळे मांडले.

उद्योगातील उदाहरण एक्सकॉनचे. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या व्हॅक्स संगणकांसाठी कोणते भाग कसे जोडायचे हे ठरवणारी ही प्रणाली कार्नेगी मेलन विद्यापीठातील जॉन मॅकडरमॉट यांनी ओपीएस या नियम लिहिण्याच्या भाषेत सुरू केली आणि १९८० च्या सुमारास ती प्रत्यक्ष वापरात आली. काही शे नियमांपासून ती दहा हजारांच्या घरात गेली, आणि उत्पादने सतत बदलत असल्यामुळे दर वर्षी त्यांतले निम्म्याच्या आसपास नियम बदलावे लागत. असा नियमसंच सांभाळणे हाताबाहेर जाऊ लागल्यावर तो राइम नावाच्या नव्या पद्धतीने पुन्हा लिहिण्यात आला. तिचा गाभा असा होता की कोणते काम कधी करायचे हे सांगणारे नियम आणि संगणकाच्या भागांबद्दलचे नियम एकमेकांत मिसळू द्यायचे नाहीत. अ‍ॅमस्टरडॅममध्ये आकाराला आलेल्या कॉमनकॅड्स पद्धतीतही विषयाचे ज्ञान, अनुमानाच्या पायऱ्या आणि कार्याचा क्रम यांचे थर वेगळे ठेवलेले आहेत. सॉफ्टवेअरवाल्यांना यात जबाबदाऱ्या वेगळ्या ठेवण्याचे आपले जुनेच तत्त्व दिसेल. अडचण एवढीच की नियम-इंजिन घेताना ‘नियम कुठेही, कसेही टाका, इंजिन पाहून घेईल’ असे सांगितले जाते आणि ते तत्त्व त्या उत्साहात बाजूला पडते.

निवारणासाठी प्राधान्यांक असलेल्या प्रत्येक नियमाजवळ तो आकडा का आहे असे विचारावे. आमच्याकडे उत्तरे तीनच प्रकारची आली. काही नियमांना आधी अवस्था ठरलेली हवी होती, काहींना आधी जोखीम काढलेली हवी होती, आणि काहींना सर्वांत शेवटी येऊन इतरांचा निर्णय खोडायचा होता. म्हणजे आम्हाला प्राधान्यांक नकोच होते, टप्पे हवे होते. माहितीची शुद्धता, अवस्था, जोखीम, औषधाचा प्रकार आणि शेवटी मनाई असे पाच टप्पे नियमांच्या बाहेर, साध्या कोडमध्ये एकामागून एक लिहिले आणि प्रत्येक टप्प्यातील नियमांना फक्त आपल्या टप्प्याचाच निष्कर्ष काढण्याची मुभा ठेवली. सर्व प्राधान्यांक गेले. टप्प्याच्या आत दोन नियमांनी परस्परविरोधी निष्कर्ष काढला, तर एकाला गुपचूप जिंकू न देता प्रणालीने त्रुटी म्हणून थांबावे असे केले. पहिल्या आठवड्यात ती इतक्या वेळा थांबली की हा निर्णय मागे घ्यावा असा दबाव आला. तो घेतला नाही हे बरे झाले, कारण थांबण्याचा प्रत्येक प्रसंग हा पुढे येऊ घातलेली एक तक्रार होती.

एक दोष वेगळा सांगावा लागेल. नियम स्वतःच्याच अटीतील फॅक्ट बदलत असेल, तर अनेक इंजिनांना तो फॅक्ट नवा वाटतो आणि नियम पुन्हा उडतो, कधी अनंत वेळा. तो थांबवण्यासाठी ‘एकदा झाले’ अशा खुणेचे फॅक्ट घालण्याची सवय लागते आणि त्या खुणा नंतर दुसऱ्या नियमांना अडवतात. टप्पे वेगळे केल्यावर नियम आधीच्या टप्प्याचे फॅक्ट बदलत नाही, केवळ नवे निर्माण करतो, आणि हा प्रश्न बहुतांशी आपोआप संपतो.

चौथे कारण: सारणीत हवे ते नियमात

औषध फवारल्यापासून काढणीपर्यंत किती दिवस जायला हवेत, ज्याला बागायतदार सरळ पीएचआय म्हणतात, तो कालावधी प्रत्येक औषधाचा वेगळा असतो. मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून शिफारशीतील औषधांची यादी या कालावधीसह निघते आणि ती बदलत असते. आमच्याकडे हे दिवस औषध सुचवणाऱ्या नियमांतच आकड्यांनी लिहिलेले होते. यादी बदलली की नियम हुडकत फिरावे लागे, एखादा राहून जाई, आणि निर्यातीच्या द्राक्षांत औषधाचा अंश सापडण्याइतकी गंभीर चूक त्यातून घडू शकली असती. हे ज्ञान नियमाचे नाही, माहितीचे आहे. ते आवृत्तीसह सारणीत ठेवले आणि ‘मनाई’ या शेवटच्या टप्प्यात एकच नियम ठेवला: काढणीला उरलेले दिवस कालावधीपेक्षा कमी असतील, तर ते औषध वगळावे. चौतीस नियम कमी झाले.

नियमासोबत त्याची केस ठेवणे

वरील चार कारणे दूर केल्यावरही “या बागेसाठी नाही” हे वाक्य उरतेच, आणि त्याचे उत्तर सिडनीतून मिळाले. गार्व्हन संस्थेत थायरॉइडच्या तपासण्यांचा अर्थ लावून अहवालात टिप्पणी देणारी गार्व्हन ईएस-१ ही प्रणाली १९८० च्या दशकात रोजच्या वापरात होती. ती वापरात आली तेव्हा तिच्या सुमारे ९६ टक्के टिप्पण्या तज्ज्ञांना मान्य होत होत्या. ते प्रमाण ९९.७ टक्क्यांपर्यंत नेण्यासाठी नियमसंच दुपटीहून मोठा करावा लागला. शेवटच्या पावणेचार टक्क्यांनी आधीच्या सगळ्याइतके काम मागितले. या दुरुस्त्या करताना पॉल कॉम्प्टन यांनी एक निरीक्षण नोंदवले: तज्ज्ञ आपण निष्कर्षाला कसे पोहोचलो हे सांगत नाहीत, समोरच्या प्रसंगात आपला निष्कर्ष दुसऱ्या एखाद्या निष्कर्षापेक्षा योग्य का, याचे समर्थन करतात. नियम हा सार्वकालिक सिद्धान्त नसतो. तो एका केससमोर, एका चुकीच्या उत्तराला दिलेले उत्तर असतो. ती केस फेकून देऊन आपण फक्त नियम ठेवतो, आणि मग तो भलत्याच बागेत उडाला की तज्ज्ञांना दोष देतो.

यातून निघालेल्या ‘रिपल-डाउन रूल्स’ पद्धतीत जुना नियम कधीच बदलत नाहीत. तो ज्या केसमध्ये चुकला तिथे त्याला अपवाद जोडतात, तो अपवाद ज्या केसमुळे आला ती केस त्याची कोनशिला म्हणून साठवतात, आणि नवा अपवाद लिहिताना तज्ज्ञांपुढे जुनी व नवी केस शेजारी ठेवून फक्त एवढेच विचारतात की या दोघींत फरक काय. सिडनीच्या सेंट व्हिन्सेंट्स रुग्णालयातील पीयर्स या प्रणालीत याच पद्धतीने विकृतिशास्त्रज्ञाने सुमारे दोन हजार नियम वाढवले, मध्ये ज्ञान अभियंता, म्हणजे तज्ज्ञांचे ज्ञान नियमांत मांडून देणारा माणूस, नसताना.

आम्ही ही पद्धत संपूर्ण स्वीकारली नाही, तिचे दोन भाग घेतले. पहिला, कोनशिलेशिवाय एकही नियम नियमसंचात जात नाही. नियमाची फाइल आणि गोठवलेल्या केसची फाइल एकाच कमिटमध्ये, म्हणजे एकत्र नोंदवलेल्या बदलात, येते, आणि केस नसेल तर बिल्ड नापास होतो, म्हणजे नवी आवृत्ती तयारच होत नाही. दुसरा, कोणताही नियम बदलला की सर्व कोनशिला चालवल्या जातात आणि ज्यांचा सल्ला बदलला त्या तज्ज्ञांपुढे जातात, प्रोग्रामरपुढे नाही. युनिट टेस्टची सवय असलेल्यांना यात नवे काही वाटणार नाही. फरक असा की अपेक्षित उत्तर प्रोग्रामरने कल्पनेने लिहिलेले नसून प्रत्यक्ष बागेत घडलेले आणि तज्ज्ञांनी सही केलेले असते. “हा नियम तुम्हीच सांगितला होता” याऐवजी आता “हा नियम पिंपळगावच्या त्या प्लॉटसाठी सांगितला होता, या प्लॉटमध्ये वेगळे काय आहे?” असे विचारले जाते, आणि उत्तर साधारण दहा मिनिटांत मिळते. पूर्वी त्याला एक बैठक आणि थोडा मनस्ताप लागत असे.

जुन्या नियमांच्या कोनशिला अर्थातच हरवलेल्या होत्या. त्या परत बांधण्याचा प्रयत्न सरसकट करू नये. गेल्या हंगामातील नोंदी चालवून प्रत्येक नियम शेवटचा कधी उडाला ते पाहावे; ज्या नियमाला केस सापडते तिला तज्ज्ञांची मान्यता घ्यावी, आणि जो पूर्ण हंगामात एकदाही उडाला नाही तो बाजूला काढून ठेवावा. असे एकोणतीस नियम निघाले. त्यांपैकी दोन परत आणावे लागले, तेही गारपिटीनंतरचे.

मर्यादा आणि उरलेली प्रकरणे

अपवाद जोडत जाण्याच्या पद्धतीचा तोटा असा की एकच अपवाद चार नियमांखाली पुन्हापुन्हा लिहिला जातो. तसे दिसू लागले की बहुधा एखादी संज्ञा व्याख्येविना राहिलेली असते. आमच्याकडे तो शब्द ‘दाट कॅनॉपी’ (वेलीच्या पानांचा दाट विस्तार) हा निघाला. अशा वेळी पाचवा अपवाद न लिहिता पहिल्या कारणाकडे परत जावे. उलट, संज्ञांतच दोष असताना कोनशिला गोळा करत बसल्यास चुकीच्या आकड्यांवर सही झालेल्या केस साचतात, म्हणून वरचा क्रम बदलू नये.

नियमांच्या जागी भाषिक प्रारूप (लँग्वेज मॉडेल) आणि त्याला पुरवलेली कागदपत्रे वापरणाऱ्यांकडेही हेच चक्र दिसते: सूचनेत एक वाक्य वाढवले की एक उत्तर सुधारते आणि दुसरे बिघडते. तिथे नियम उडाल्याची नोंद नसल्याने तिसऱ्या कारणाचे निदान अवघड होते. केस गोठवणे, ‘माहीत नाही’ वेगळे ठेवणे, मनाईचा टप्पा प्रारूपाच्या बाहेर साध्या कोडमध्ये ठेवणे आणि कोनशिला चालवणे हे चारही उपाय मात्र जसेच्या तसे लागू पडतात, आणि मनाईच्या बाबतीत तर तिथे पर्यायच नाही.

एवढे करूनही काही केस मागे राहतात. त्यांत नियमांचा दोष नसतो. दोन तज्ज्ञांचे मतच वेगळे असते. फुलोऱ्यात हलका पाऊस होऊन लगेच ऊन पडले, तर एकांच्या मते स्पर्शजन्य औषध पुरते आणि दुसऱ्यांच्या मते आंतरप्रवाही औषधाशिवाय धोका टळत नाही, आणि दोघांकडेही आपले म्हणणे खरे ठरलेले प्लॉट आहेत. अशा केसला आम्ही दोन्ही सह्यांसह ‘वादग्रस्त’ अशी खूण करतो, प्रणाली तिच्यात स्वतः सल्ला न देता बागायतदाराला फोनची वेळ देते, आणि दोन्ही मतांचे प्लॉट पुढच्या हंगामात नोंदीत राहतात. सध्या अशा सात केस आहेत.